वायफाय, लिनक्स आणि चिपमधलं गुपित

संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आवाज आला, पडदा नीट दिसला. वायफाय तेवढं सापडेना. २००० नंतरच्या दशकात हा अनुभव इतका सर्रास होता की दोष लिनक्सचाच, असं अनेकांनी गृहीत धरलं. खरी अडचण माहितीची होती. चिपशी कसं बोलायचं याचे तपशील बरेच उत्पादक देत नसत, ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) लिहीत ते विंडोजसाठी. त्यात एकाच मॉडेलच्या खोक्यात पुढच्या खेपेला वेगळीच चिप निघे, म्हणजे दुसऱ्याकडे चाललेलं कार्ड आपल्याकडे चालेलच असं नाही.

लपवाछपवीला व्यापार कारण होताच, पण पुढे केला जाई तो कायदा. वायफाय कार्ड हा शेवटी रेडिओ. कोणत्या वारंवारतेवर, किती शक्तीने प्रक्षेपण करायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. ते खुलं केलं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना दिला, तर कुणीही नियम मोडेल, अशी भीती. म्हणून अथेरॉस चिपसाठीचा मॅडवायफाय ड्रायव्हर खुला, पण चिपला प्रत्यक्ष हात लावणारा त्याचा 'हॅल' हा भाग बंद. इंटेलच्या ३९४५ चिपसोबत तर सुरुवातीला एक बंद प्रोग्राम सतत चालू ठेवावा लागे.

मग लोकांनी वाटा शोधल्या. एनडीआयएसरॅपर हा प्रोग्राम विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवी. जुगाड खरा, पण कित्येक लॅपटॉप त्यावर तगले. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांबाबत मेहनत मोठी होती. एका गटाने बंद ड्रायव्हर उलगडून तपशील लिहून काढले, दुसऱ्याने मूळ कोडकडे न बघता फक्त त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ साली २.६.१७ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तो दाखल झाला. अथेरॉसचं बंद 'हॅल' ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी असंच उलगडलं.

त्यानंतर कंपन्याही वळल्या. २००८ मध्ये अथेरॉसने स्वतःच एटीएच९के हा खुला ड्रायव्हर दिला, २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही खुला ड्रायव्हर काढला.

गुपित मात्र संपलं नाही, ते एक पायरी खाली सरकलं. आता ड्रायव्हर खुला, पण चिपच्या आत चालणारं फर्मवेअर बंद. (एटीएच९केच्या पीसीआय कार्डांना फर्मवेअर लागतच नाही, म्हणून कट्टर मंडळी ती जुनी कार्डं अजून जपतात.) डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीत बंद सॉफ्टवेअर न देण्याचा नियम होता, म्हणून तिच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं फर्मवेअर नसे. ते नेटवरून आणायचं, आणि नेटसाठी तेच हवं! २०२२ मध्ये डेबियन प्रकल्पाने मतदान घेऊन फर्मवेअरपुरता हा नियम सोडला, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं.