हातखंडा की बारमाही? जपानी कराओकेत तिशीतल्या पुरुषाच्या गाण्यामागची पार्श्वभूमी

‘तिशीतल्या पुरुषांसाठी कराओकेत रंग भरणारी गाणी’ अशा याद्या जपानमध्ये दरवर्षी नव्याने निघतात आणि दरवर्षी त्यांत निम्मीअधिक गाणी तीच असतात. याचे कारण शोधायला फार मागे जावे लागत नाही. १९७१ साली कोबेतल्या बारमध्ये शंभर येनचे नाणे टाकून गाणारा माणूस अनोळखी गिऱ्हाइकांसमोर गायचा. ऐकणारे टाळ्या वाजवायचे, कारण पुढची पाळी त्यांची असे. खोलीभर माणसांना आवडेल असे गाणे निवडण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. ती आली १९८५च्या सुमारास, ओकायामा भागात मालवाहू कंटेनर सुधारून गाण्याच्या खोल्या केल्या तेव्हा. खोलीत अनोळखी कोणी नसते. साहेब असतो, शेजारच्या टेबलावरची सहकारी असते, गेल्या एप्रिलमध्ये रुजू झालेला मुलगा असतो, आणि उद्या सकाळी हे सगळे पुन्हा भेटणार असतात.

दुसरा बदल १९९२चा. तोपर्यंत गाणी लेझर डिस्कवर येत, म्हणजे दुकानात जेवढ्या तबकड्या तेवढीच निवड. त्या वर्षी गाणी टेलिफोनच्या तारेवरून यायला लागली. नवे गाणे बाजारात आले की थोड्याच दिवसांत खोलीत हजर. त्या काळच्या आठ सेंटीमीटरच्या चिमुकल्या सीडीवर शेवटी बहुतेक वेळा त्याच गाण्याचे गायकाच्या आवाजाविना नुसते संगीत असे; घरी सराव करायचा आणि शनिवारी खोलीत जाऊन गायचे. गाणे ऐकण्यासाठी विकत घेतले जात होते की गाण्यासाठी, हे सांगणे अवघड व्हावे असा तो काळ. १९९८ साली जपानमधल्या ध्वनिमुद्रणांचे उत्पादनमूल्य सुमारे ६० हजार कोटी येनवर गेले. तो आकडा नंतर कधी दिसला नाही.

आता ज्या शब्दांवर सगळा घोळ आहे त्यांच्याकडे येऊ. याद्यांमध्ये तीन शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात: ओहाको, तेइबान आणि मोरिआगे.

ओहाको म्हणजे आपला ‘हातखंडा’. लिहिताना ‘अठरा क्रमांक’ अशी चिन्हे लिहितात आणि वाचताना ‘ओहाको’, म्हणजे पेटी, असे वाचतात. मूळ काबुकी या जुन्या नाट्यप्रकारातले. १८३२ साली एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, एका मातब्बर नटघराण्याने आपल्या खास अठरा नाटकांची यादी जाहीर केली, त्यावरून अठरा. पेटी कुठून आली यावर दोन मते आहेत. एक मत सांगते की त्या नाटकांच्या संहिता पेटीत जपून ठेवत. दुसरे मत सांगते की अस्सल वस्तूच्या पेटीवर जाणकार आपल्या हाताने खात्री लिहून देत, त्यावरून. मत कुठलेही धरा, मुद्दा एकच: ओहाको ही मालकीची गोष्ट आहे. ती माझी असते, तुमची नसते. एकाने एखादे गाणे ओहाको म्हणून धरले की त्याच खोलीत दुसऱ्याने ते आधी लावणे हा चक्क आगाऊपणा ठरतो.

तेइबान हा शब्द दुकानदारीतला. ज्या मालाचा क्रमांक वहीत कायम ठेवलेला असतो, फॅशन बदलली तरी जो मागवावाच लागतो, तो तेइबान. आपल्या भाषेत बारमाही माल. पांढरा शर्ट तेइबान असतो. त्यावर कोणाची मालकी नसते आणि त्याचे कोणी कौतुकही करत नाही.

मोरिआगे हे तिसरेच. मोरिआगारु म्हणजे ढीग वर येणे, फुगणे. मैफलीला रंग चढणे. रंग गाण्याला चढत नाही, खोलीला चढतो. म्हणून मोरिआगेचे गाणे बरे गायले गेले पाहिजे अशी अटच नाही. त्यात इतरांनी ओरडायला मोकळ्या जागा हव्यात, ज्यांना ‘आइनोते’ म्हणतात. २००७च्या ‘सुइरेनका’ या गाण्यात लोक हात पुसायचे टॉवेल डोक्यावर गरगर फिरवतात. त्या वेळी गाणारा सुरात आहे की नाही हे कोणी पाहत नाही.

याद्या मात्र मोजतात काय, तर गाणे किती वेळा लावले गेले. डेन्मोकु, म्हणजे गाणी निवडायची ती हातातली पाटी, आल्यापासून हे मोजणे सोपे झाले आणि वयोगटानुसार क्रमवारी लागू लागली. पण त्यात ‘हितोकारा’ही मोजले जाते, म्हणजे एकट्याने खोली घेऊन गाणे. २०११मध्ये तोक्योत फक्त एकट्यांसाठीचे दुकान उघडले, इतके ते रुळले. एकटा माणूस एकच अवघड गाणे सहा वेळा घोकतो आणि ते क्रमवारीत वर चढते. मग कोणीतरी ती क्रमवारी उचलून ‘हमखास रंग भरणारी गाणी’ असे शीर्षक देतो. माझ्या मते या विषयावरची बहुतेक फसगत इथूनच सुरू होते.

तिशीतल्या पुरुषाला ही फसगत जास्त बोचते, कारण तो साहेब आणि नवी मुले यांच्या मध्ये बसलेला असतो. शिवाय ‘तिशी’ ही एक पिढी नाहीच. २०२५ साली एकोणचाळिशीत असलेला माणूस १९८६चा. त्याची शाळा मिनीडिस्कवर गाणी भरण्यात गेली. तिशीत नुकताच आलेला १९९५चा. त्याच्या शाळेच्या दिवसांत व्हिडिओच्या साइट होत्या आणि संगणकाच्या आवाजात गाणारी हात्सुने मिकु होती, जी २००७मध्ये आली. तिची भरधाव गाणी खोलीतल्या एकाला तोंडपाठ, दुसऱ्याला गोंगाट. दोघांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे टीव्ही. म्हणून यादीत पुन्हा पुन्हा मालिकांची आणि अॅनिमेची गाणी दिसतात. २००५च्या मालिकेतले ‘कोनायुकि’, त्याच वर्षीचे दोन मुलांनी हातवारे करत गायलेले ‘सेइशुन आमिगो’, २००८च्या बेसबॉलवरच्या मालिकेचे ‘किसेकी’. हे शेवटचे गाणे फुकुशिमातल्या दंतवैद्यकाच्या कॉलेजातून आलेल्या चौघांचे. त्यांनी चेहरा कधी दाखवला नाही, त्यामुळे खोलीतल्या कोणालाही ते आपलेच वाटायला अडचण येत नाही.

याच रांगेत १९९५चे ‘झांकोकु ना तेन्शी नो तेझे’ आहे. ते बाईच्या आवाजातले आणि तिशीतल्या धाकट्यांच्या जन्माच्या सुमाराचे, तरी चालते. इथे वयाचे सगळे हिशेब कोलमडतात, आणि यादी करणारे त्याबद्दल काही बोलत नाहीत.

पट्टीचा प्रश्न अलीकडचा. २०१९च्या सुमारास गाजलेली पुरुषांची गाणी उंच गेली, खोट्या आवाजात शिरू लागली. यंत्रावर पट्टी उतरवण्याचे बटण बऱ्याच वर्षांपासून आहे, पण मूळ पट्टीत गाण्याचा अभिमानही तितकाच जुना. नवे गाणे लावून दोन घरे खाली आणले की पंचविशीतली मुले नम्रपणे टाळ्या देतात. त्या टाळ्या ओळखता येतात. ‘कोनायुकि’ही उंचच आहे, पण तिथे धृपदावर आवाज फाटला तर खोली हसते आणि सगळे मिळून ती किंकाळी पूर्ण करतात. फाटलेला आवाज एका गाण्यात अपयश ठरतो आणि दुसऱ्यात आइनोते.

२०२०मध्ये दुकाने बंद पडली. नंतर उघडली तेव्हा ऑफिसच्या पार्टीनंतरची ती मोठी ‘निजिकाई’ बरीच आटली होती. तोक्योतल्या निशिकासाई भागात राहणाऱ्या आपल्याकडच्या इंजिनियरांपैकी जे आधी आले त्यांना वीस-वीस माणसांच्या खोल्या आठवतात. नंतर आलेल्यांना चार जणांची खोली माहीत आहे, आणि चौघांत टॉवेल फिरवणे जरा अवघडच.

वेळ संपायला दहा मिनिटे उरली की भिंतीवरचा फोन वाजतो. आपल्या मैफलीत भैरवीची जी जागा ती इथे या फोननंतरची. त्या वेळी डेन्मोकु बहुधा तिशीतल्याच्याच हातात दिला जातो. साहेबाला झोप आलेली असते आणि मुलांना शेवटची गाडी गाठायची असते. ओकिनावाच्या तिघांनी २००१मध्ये काढलेले ‘चीसाना कोई नो उता’ तो लावतो. पडद्यावर शब्द येण्याआधीच सगळे उभे असतात, आणि माइक टेबलावर पडून राहतो.