कोपऱ्यातला स्पीकर: आवाज वाढतो, गाणं नाही

इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत मी नेहमी पाहतो, स्पीकर दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत, भिंतीला टेकवलेले. "कोपऱ्यात आवाज भरतो," हे वडीलधारे वर्षानुवर्षं सांगत आले. भरतो, हे खरंच. पण भरतो तो फक्त खर्ज.

खालचे सूर स्पीकरच्या पुढेच नव्हे, चहूबाजूंनी पसरतात. जवळची प्रत्येक भिंत ते परत फेकते आणि त्यांचा जोर ६ डेसिबलपर्यंत वाढवू शकते. कोपऱ्यात तर दोन भिंती आणि खाली फरशी. शिवाय समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही सूर अडकून घुमत राहतात: अंतर १२ फूट असेल तर साधारण ४७ आणि ९४ हर्ट्झचे. कोपऱ्यातून तेच सर्वाधिक चेततात. मग इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल लावला, की तबल्याचा डग्गा नुसता गुरगुरतो आणि त्याखाली मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, रागाची ती संथ बढत दबून जाते. मला याचं फार वाईट वाटतं, त्या गाण्याचा जीवच तिथे आहे.

स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा, बाजूच्या भिंतीपासूनही सोडवा. दोघांमधलं आणि तुमच्यापासूनचं अंतर जवळपास सारखं ठेवा. ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर काढणारा छोटा भाग, कानांच्या उंचीला. मग इंच-दोन इंच सरकवत तीच बंदिश पुन्हा ऐका. डग्ग्याचा प्रत्येक आघात सुटा ऐकू आला, की तिथेच फरशीवर खडूने खूण करा.