काड तेच, गॅस वेगळा

बायोगॅसचा हिशोब मांडताना बरेच लोक एक टन काडाला एवढा गॅस असा एकच आकडा धरतात आणि मोकळे होतात. पण एकाच जातीचा गहू दोन शेतांत लावला, एकीकडे पाणी-खत वेळेवर आणि दुसरीकडे ऐन दाणे भरताना पाण्याचा ताण, तर दोन्हीकडचं काड डायजेस्टरमध्ये, म्हणजे काड कुजवून गॅस काढायच्या बंद टाकीत, सारखं वागेलच असं नाही.

मुख्य भानगड लिग्निनची, म्हणजे काडाला टणकपणा देणाऱ्या पदार्थाची. काडातलं सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज म्हणजे साखरेच्याच लांब साखळ्या, बॅक्टेरिया त्या तोडतात आणि शेवटी मिथेन निघतो. लिग्निन मात्र हवेशिवाय जवळपास कुजतच नाही, वर सेल्युलोजला असं चिकटून बसतं की बॅक्टेरियांच्या एन्झाइमला (साखळ्या तोडणाऱ्या रसाला) आत शिरायला जागाच मिळत नाही. मक्याचं ताट उभं चिरून बघा, आतला गर स्पंजासारखा मऊ आणि बाहेरची साल नखाने सुद्धा निघत नाही, बुडाकडची पेरं तर अजून टणक. पीक पिकत जातं तसं हे लिग्निन वाढतं. त्यामुळे उन्हाचा कडाका पडून पीक घाईघाईत पिकलं किंवा काढणी लांबली की काड लवकर पचत नाही.

दुष्काळाचं गणित जरा उलटसुलट आहे. मका फुलोऱ्यात असताना ताण पडला आणि कणसं भरली नाहीत तर दाण्यात जायची साखर बरीचशी ताटातच राहते, आणि साखर तर पटकन पचते, म्हणजे टनामागे गॅस वाढू पण शकतो! पण एकरी टनच कमी निघतात, त्यामुळे खूश व्हायचं कारण नाही. शिवाय अशा ताटांत नायट्रेट साठतं आणि ते जास्त झालं तर मिथेन मागे पडतो.

नायट्रोजनचंही बघायला पाहिजे. गव्हाच्या काडात एक भाग नायट्रोजनला साधारण 80 किंवा त्याहून जास्त भाग कार्बन असतो, बॅक्टेरियांना 20 ते 30 बरा पडतो. पिकाला युरिया भरपूर मिळाला असेल तर काडात नायट्रोजन थोडा वाढतो, पण त्यासाठी मुद्दाम जादा युरिया टाकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, त्यापेक्षा शेण किंवा डाळवर्गीय पिकांचा पाला मिसळा ना.

भाताच्या पेंढ्याची गोष्ट वेगळीच. भाताची मुळं जमिनीतलं सिलिका, म्हणजे वाळूतलं न जळणारं खनिज, भरपूर ओढतात, जमिनीत ते जेवढं सहज मिळेल तेवढं जास्त, म्हणून पेंढ्याची राख कोरड्या वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांपर्यंत जाते. त्या राखेतून गॅस शून्य, आणि कटरची पाती झिजतात ती वेगळीच.

काढणीनंतर काड पावसात पडून राहिलं तर विरघळणारी साखर वाहून जाते, उरलेली बुरशी खाते. म्हणून काड विकत घेणाऱ्याने नुसतं वजन करू नये, गठ्ठा फोडून आत काळं पडलंय का ते बघावं आणि दर हंगामात ओलावा नि राख तरी तपासून घ्यावी.