घरपत्र (हवाई वैद्यकीय पथकातील सैनिकाचे)

घरपत्र म्हणजे फील्डमध्ये, म्हणजे सीमेवर किंवा दुर्गम भागात तैनात असलेल्या सैनिकाने घरच्यांना लिहिलेले खासगी पत्र. या नोंदीत त्यातला एकच प्रकार घेतला आहे. आजारी आणि जखमी जवानांना हेलिकॉप्टरने किंवा मालवाहू विमानाने रुग्णालयात पोहोचवणाऱ्या पथकातले डॉक्टर, नर्सिंग ऑफिसर आणि नर्सिंग असिस्टंट ठाण्यात व नवी मुंबईत आपल्या घरी जी पत्रे पाठवतात, ती ही पत्रे. फौजेत या कामाला ‘कॅसेव्हॅक’ म्हणतात आणि पत्रातही बहुधा तोच शब्द येतो. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या भागांत सातारा-सांगलीकडून आलेली माथाडी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या अनेक घरांत फौजेची परंपरा आहे, त्यामुळे फौजी पत्र तिथे नवलाईचे नाही.

या पत्रावर दोन बंधने असतात. पहिले सैनिकी गोपनीयतेचे, दुसरे रुग्णाच्या खासगीपणाचे. पायदळातला जवान ठिकाण लपवून निदान सोबत्यांच्या गमती लिहू शकतो. वैद्यकीय पथकातल्या माणसाच्या दिवसातला सर्वांत मोठा प्रसंग मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी वेदनेचा असतो आणि तो सांगायचा त्याला अधिकार नसतो. ही पत्रे त्रोटक का असतात, हे इथून समजून घ्यावे लागते. घरच्यांनी त्या त्रोटकपणाला दुरावा समजू नये.

पत्रावर कामाची छाप

डोंगरी भागात दुपारनंतर वारा वाढतो आणि ढग भरून येतात, त्यामुळे उड्डाणे शक्यतो पहाटे आणि सकाळी उरकतात. साहजिकच पत्रे दुपारी लिहिली जातात, पुन्हा बोलावणे येईल या तयारीत. वाक्य मध्येच तुटलेले असते आणि पुढचा मजकूर वेगळ्या शाईत, दुसऱ्या तारखेने सुरू होतो. घरी पोहोचलेल्या अशा पत्रात घाबरण्यासारखे काही नसते, मधल्या वेळात एक फेरी झालेली असते इतकेच.

उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि कोंडलेली हवा फुगते. आठ हजार फुटांवर तिचे आकारमान जमिनीवरच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने वाढते, अठरा हजार फुटांवर दुप्पट होते. पथकाची निम्मी तयारी या एका नियमाभोवती फिरते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीचा फुगा हवेने भरलेला असेल, तर तो वर गेल्यावर नलिकेच्या आतल्या बाजूवर दाब आणतो. म्हणून त्याचा दाब मोजत राहतात किंवा हवेऐवजी सलाईन भरतात. फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या रुग्णाच्या छातीत निघण्यापूर्वीच नळी घालतात, आणि ती नळी चिमट्याने बंद करायची नसते. हाडाला नुकतेच घातलेले प्लास्टर लांबीत चिरून ठेवतात, कारण आतली सूज वाढली तर बोटांचा रक्तपुरवठा तुटतो. सलाईन प्लास्टिकच्या पिशवीतून देतात, काचेच्या बाटलीतून नव्हे.

ऑक्सिजनचा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर होतो. मिनिटाला सहा लिटर आणि दोन तासांचा प्रवास म्हणजे ७२० लिटर. हवामानामुळे परत फिरावे लागले किंवा पुढच्या ठिकाणी रुग्णवाहिका उशिरा आली, तर काय, म्हणून ते दुप्पट धरून १४४० लिटर. दहा लिटर पाण्याच्या क्षमतेचा बी-टाइप सिलिंडर १५० बार दाबाला भरला, तर त्यात साधारण १५०० लिटर वायू मावतो, म्हणजे एक सिलिंडर जेमतेम पुरतो. काटा १०० बारवर असेल, तर हजारच लिटर उरलेले असतात. अशा वेळी दुसरा सिलिंडर घेतल्याशिवाय निघत नाहीत.

हेलिकॉप्टरच्या आवाजात स्टेथोस्कोपचा उपयोग होत नाही. श्वास छातीच्या हालचालीवरून, ओठांच्या आणि नखांच्या रंगावरून आणि पडद्यावरच्या आकड्यांवरून ओळखायचा. ही सवय पत्रात उतरते. ‘आईचा आवाज फोनवर बरा वाटला’ यापेक्षा ‘फोटोत आईचे डोळे सुजल्यासारखे दिसले, पाय सुजतात का ते पाहा’ असे वाक्य अशा माणसाच्या पत्रात सापडते. वेळही ‘साडेपाच’ न लिहिता ‘०५३०’ लिहिली जाते, कारण दिवसभर रुग्णाच्या नोंदी तशाच केलेल्या असतात.

लेखणीचे तंत्रही याच नियमाने ठरते. नळीचा फुगा ज्या कारणाने फुगतो, त्याच कारणाने खिशातले अर्धे भरलेले शाईचे पेन उंचीवर गळते: टाकीतली हवा फुगून शाई बाहेर ढकलते. कडाक्याच्या थंडीत जेल पेन गोठते आणि बॉलपेनची शाई घट्ट होऊन अक्षर तुटक उमटते. अनुभवी माणसे पेन्सिल वापरतात. पेन्सिलीचे पत्र घरी आले की ‘साधे पेनसुद्धा मिळत नाही का’ असे वाटते, पण तिथे पेन्सिलच खरी भरवशाची.

मायना आणि मजकूर

मराठी पत्राच्या जुन्या साच्यात वर उजवीकडे ठिकाण आणि तारीख येते. फौजी पत्रात ठिकाण गाळतात किंवा नुसते ‘मु. फील्ड’ लिहितात. बाकीचा साचा तसाच राहतो: ‘तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार’, ‘वि. वि.’, ‘इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी’, धाकट्यांना ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. तरुण पिढीला हे कालबाह्य वाटते, पण या पत्रांत त्याला खरे काम आहे. दमलेल्या हाताला पहिल्या तीन ओळी विचार न करता लिहिता येतात आणि त्या लिहिता लिहिता पुढचे सुचते. सगळे पत्र संपल्यावर मनातले जे राहून गेले, ते ‘ता. क.’मध्ये येते. अशी पत्रे वाचताना ता. क. नीट वाचावा, बहुतेकदा खरे बोलणे तिथे असते.

न लिहिण्याच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. तैनातीचे ठिकाण, विमानाचा प्रकार आणि संख्या, उड्डाणाच्या वेळा, पथकात किती जण, रजा-बदलीचे ताफे कधी निघणार, हे लिहीत नाहीत. रुग्णाचे नाव, पलटण, गाव आणि दुखापत यांतले काहीच लिहीत नाहीत. ‘आपल्या कराडकडचा एक पोरगा होता’ एवढे वाक्यही ओळख पटायला पुरते, कारण कोपरखैरण्यात त्या गावची दहा घरे असतात आणि बातमी त्याच्या घरी अधिकृत निरोपाआधी पोहोचते. उरते ते लिहायचे: जेवण, झोप, सोबत्याचे घोरणे, हाताला पडलेल्या भेगा, वाचलेले पुस्तक, घरच्या प्रश्नांची उत्तरे. रुग्णाबद्दल काही लिहायचेच असेल, तर ‘आजचे काम चांगले झाले’ किंवा ‘आज लिहवत नाही’ एवढेच. हे दुसरे वाक्य आले, तर उलट टपाली ‘काय झाले’ असे विचारू नये. मुलीच्या शाळेचे, बाल्कनीतल्या तुळशीचे लिहावे.

आंतरदेशीय पत्रात वेगळा कागद घालता येत नाही आणि घरी ते सर्वांसमोर वाचले जाते. पती-पत्नीतले बोलणे म्हणून बंद पाकिटात वेगळे जाते. आंतरदेशीय उघडताना बोट घालून फाडले, तर कडेच्या दोन ओळी जातात. तीन बाजूंनी कात्रीने कापावे. आणि कोरी आंतरदेशीये पावसाळ्यात ठाण्यात उघडी ठेवली, तर त्यांचा डिंक आपोआप चिकटून बसतो, म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत.

टपालाची वाट

सेना डाकसेवेचे स्वतंत्र कोअर १ मार्च १९७२ रोजी झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पिन कोड आले आणि ९ हा पहिला अंक फौजी टपालाला मिळाला. सैनिकाच्या पत्त्यात सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) आणि ९ ने सुरू होणारा पिन एवढेच असते. गाव किंवा राज्य लिहायचे नाही. प्रेमापोटी ‘लडाख’ लिहिले, तर गोपनीयता जातेच, शिवाय पत्र नागरी टपालाच्या वाटेला लागून लांबते. ५६ एपीओचे टपाल दिल्लीच्या आणि ९९ एपीओचे कोलकात्याच्या मध्यवर्ती केंद्रातून वाटले जाते. येणाऱ्या पत्रावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असलेला शिक्का असतो, गावाचे नाव नसते. खासगी कुरिअर एपीओ पत्त्यावर जात नाही. महत्त्वाची कागदपत्रे स्पीड पोस्टने पाठवावीत. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये त्यातच विलीन झाले आहे.

घराकडे येणारे पत्र अडते ते बहुधा शेवटच्या टप्प्यात. नवी मुंबईत ‘सेक्टर १५’ वाशीतही आहे, बेलापुरातही आणि कोपरखैरण्यातही. नोडचे (वाशी, बेलापूर अशा उपनगराचे) नाव आणि पिन (वाशी ४००७०३, कोपरखैरणे ४००७०९, बेलापूर ४००६१४) नसेल, तर पत्र भलत्याच पोस्टात फिरत राहते. ठाण्यात अडचण पुनर्विकासाची. नौपाड्यातली जुनी इमारत पाडली जाते, कुटुंब दोन-तीन वर्षे भाड्याने घोडबंदर रोडला राहते आणि सैनिकाच्या वहीत जुनाच पत्ता असतो. घर सोडण्यापूर्वी पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज द्यावा आणि नवा पत्ता लागोपाठच्या दोन पत्रांत कळवावा, कारण एक वाटेत राहू शकते.

पत्रे एकमेकांना ओलांडून जातात. तिकडून आलेले ‘बाबांचे ऑपरेशन झाले का?’ हे इकडचे ‘झाले, घरी आले’ हे पत्र पोहोचण्याआधी लिहिलेले असते. यावर साधा उपाय म्हणजे क्रमांक. दोन्ही बाजूंनी वरच्या कोपऱ्यात ‘माझे १४, तुझे ११ मिळाले’ असे लिहावे. कोणते हरवले ते लगेच कळते आणि गैरसमज टळतात. गंभीर बातमी पत्राने पाठवू नये, युनिटला फोन करून कळवावी. संपर्क होत नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी.

फराळाचे पार्सल घटस्थापनेच्या सुमारास निघाले, तर दिवाळीपर्यंत पोहोचण्याची आशा धरता येते. बेसनाचे लाडू आणि शंकरपाळे टिकतात, चकलीचा चुरा होतो, चिवडा सादळतो, ओल्या नारळाचे काही पाठवू नये. पत्र्याच्या डब्यात भरून मोकळी जागा कागदाने घट्ट करावी. काडेपेटी, लायटर, पॉवर बँक, अत्तराचा स्प्रे हवाई टपालात चालत नाही. उंचीवर लोणच्याची बरणी झाकणातून गळते, कारण तेच, आतली हवा फुगते. मेतकूट मात्र सर्वांत सुखरूप पोहोचते आणि नुसत्या गरम भातावरही चालते.

पूर्वपीठिका

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील भारतीय सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी वेगळी सेन्सॉर व्यवस्था होती. अनेक पत्रे लेखनिकाकडून लिहवून घेतलेली असत. १९५० ते १९५४ या काळात भारताची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली कोरियात गेली. मार्च १९५१ मध्ये तिच्यातले काही जण मुनसान-नी इथे पॅराशूटने उतरले. १९५३ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी कोरियात गेलेल्या भारतीय दलाकरता टपाल तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशी अक्षरे छापली होती.

जतन

पत्र मिळाल्यावर त्याचा फोटो सोसायटीच्या किंवा नातलगांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. पाठीमागे युनिटचा पूर्ण पत्ता असतो. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत कागदावर बुरशी धरते आणि घडीवर तो फाटतो. पत्रे उलगडून, सपाट, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावीत, पावसाळा संपल्यावर सावलीत वारा द्यावा. लॅमिनेशन करू नये, फाटल्यावर सेलोटेप लावू नये, तिचा डिंक पिवळा पडून अक्षर खातो. पेन्सिलीच्या पत्रांमध्ये एकेक पातळ कोरा कागद घालावा, नाहीतर अक्षर समोरच्या पानावर उमटते. पाकीट फेकू नये. ठिकाण गाळलेल्या पत्राची तारीख आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक त्या शिक्क्यावरच असतो.