लो शुगर अलर्टचं सेटिंग

लो शुगर अलर्ट म्हणजे अंगावर लावलेल्या ग्लुकोज सेन्सरला शुगर ठराविक आकड्याच्या खाली गेलेली दिसली, किंवा आता जाणार असं वाटलं, की मोबाईल, रिसीव्हर नाहीतर इन्सुलिन पंप वाजतो ती सूचना. हा आकडा बहुतेक सिस्टिममध्ये आपल्याला बदलता येतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना, आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनाही, त्याची सगळ्यात जास्त गरज असते कारण शुगर लो होण्याचा धोका मुख्यतः त्यांनाच. पण सेन्सर लावताना सगळं लक्ष तो नीट बसला का याच्यावर असतं आणि अलर्ट आधीपासून जो आहे तोच, म्हणजे बऱ्याचदा 70, तसाच राहून जातो.

70 हा आकडा आला कुठून तर डॉक्टरी व्याख्येतून. 70 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली पहिल्या पातळीचा हायपो (म्हणजे शुगर लो होणं), 54 च्या खाली दुसऱ्या पातळीचा म्हणजे गंभीर दखल घ्यावी असा, आणि माणूस स्वतः काही करू शकत नाही, दुसऱ्याची मदत लागते तो तिसऱ्या पातळीचा, मग आकडा काहीही असो. (जिथे मिलिमोलमध्ये मोजतात तिथे हेच 3.9 आणि 3.0, 18 ने भागलं की झालं.) व्याख्या म्हणून हे बरोबरच आहे, पण अलर्ट व्याख्येसाठी नसतो, तो हातात वेळ मिळावा म्हणून असतो, आणि आकडा निवडताना खरा प्रश्न हाच की मला गोड खाऊन ते अंगात उतरेपर्यंत किती मिनिटं लागतील.

हिशोब करून बघा. शुगर मिनिटाला 2 ने पडत असेल तर 70 वरून 54 ला यायला फक्त 8 मिनिटं लागतात. ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी घेतलं तरी परिणाम दिसायला साधारण 15 मिनिटं जातात, म्हणून तर 15 ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) घ्या आणि 15 मिनिटांनी परत तपासा असं शिकवतात. त्यात सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही, कातडीखाली पेशींच्या मधल्या जागेत असलेल्या द्रवातली मोजतो आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते, त्यामुळे शुगर पटापट पडत असताना स्क्रीनवर 70 दिसतंय तेव्हा रक्तात त्याहून कमी असू शकते. अशा वेळी 80 किंवा 85 चा अलर्ट घाबरटपणाचा अजिबात नाही. उलट मिनिटाला अर्ध्याने हळूहळू उतरणारी शुगर 70 ते 54 जायला अर्धा तास घेते, तिथे 70 पुरतो.

ज्यांना हायपो कळतच नाही त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि याच्यावर जास्त बोललं गेलं पाहिजे. वर्षानुवर्षं डायबेटिस असलेल्यांना किंवा वारंवार लो होणाऱ्यांना घाम, थरथर, धडधड ही लक्षणं हळूहळू जाणवेनाशी होतात, ब्लड प्रेशर किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनीही धडधड आणि थरथर झाकली जाते. अशा माणसासाठी अलर्ट हीच पहिली आणि कधीकधी एकमेव खूण, म्हणून आकडा 80 किंवा त्याच्याही वर ठेवतात. चांगली गोष्ट अशी की काही आठवडे लो होणं कटाक्षाने टाळलं तर बऱ्याच जणांची जाणीव थोडीफार परत येते, म्हणजे वर ठेवलेला अलर्ट इथे इलाजाचाही भाग होतो.

मग सगळ्यांनीच 100 ठेवावा का? नाही. दिवसातून दहादा विनाकारण वाजणारा अलार्म माणूस ऐकायचा बंद होतो, आधी म्यूट करतो, मग सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून टाकतो, आणि ज्या रात्री गरज असते त्या रात्री काहीच वाजत नाही. नाहीतर प्रत्येक वेळी घाबरून खातो आणि शुगर 250 ला जाते. म्हणून जितका वर ठेवून आपण खरंच दरवेळी उठून बघू तितकाच वर ठेवावा.

रात्रीचं सेटिंग वेगळं ठेवता येत असेल तर जरूर ठेवावं. झोपेत लक्षणं कळत नाहीत, संध्याकाळच्या व्यायामाचा किंवा दारूचा परिणाम कित्येक तासांनी पहाटेही येऊ शकतो. मात्र सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की दाबामुळे आकडा खोटा खाली येतो, कुस बदलली की परत वर जातो. शंका आली तर बोटातून रक्त तपासायचं, आणि अंगाला लो वाटतंय पण सेन्सर मानत नाही तेव्हाही तेच. मीटर जवळ नसेल तर आधी गोड खायचं.

काही अलार्म आपल्या हातात नसतात. डेक्सकॉम जी6 या सेन्सरमध्ये 55 चा अर्जंट लो अलार्म बदलता येत नाही, शिवाय 20 मिनिटांत 55 च्या खाली जाणार असं दिसलं तर तो वेगळा इशारा देतो. फ्रीस्टाईल लिब्रे 2 या सेन्सरमध्ये लो अलार्म 60 ते 100 मध्ये कुठेही लावता येतो, पहिल्या लिब्रेत तर अलार्मच नव्हता, स्कॅन केलं तरच कळायचं. लो दिसल्यावर आपोआप इन्सुलिन थांबवणारा पंप असेल तर अलर्ट थोडा खाली चालू शकतो. गरोदरपणात टार्गेटच 63 ते 140 असतं म्हणून तिथला आकडा डॉक्टरांनीच ठरवावा. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला मात्र वरचाच हवा.

आकडा ठरला तरी मोबाईलचं बघावं लागतं. ब्लूटूथ बंद, बॅटरी वाचवणारा मोड चालू, अ‍ॅपची नोटिफिकेशन परवानगी गेलेली, अशात अलर्ट येतच नाही, त्यामुळे फोन अपडेट झाला की परवानग्या परत तपासाव्यात आणि सिग्नल गेल्याचा अलार्म कधी बंद करू नये.

दोन आठवड्यांनी सेन्सरचा रिपोर्ट काढून बघायचा. 70 च्या खालचा वेळ दिवसाच्या 4 टक्क्यांहून कमी आणि 54 च्या खालचा 1 टक्क्याहून कमी असावा असं 2019 साली तज्ज्ञांनी ठरवलं, वयस्कर आणि जास्त धोक्याच्या लोकांसाठी 70 खालचाच 1 टक्क्याच्या आत. आणि रोज एकाच वेळेला अलर्ट वाजत असेल तर आकड्याशी खेळत बसू नये, इन्सुलिनचा किंवा गोळीचा डोस जास्त होत असू शकतो, तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावं.