ग्रीन कार्डाची रांग : सात टक्क्यांचा नियम आला कुठून?

अमेरिकेत नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मागणाऱ्या भारतीयांची रांग इतकी का लांबली, याचं उत्तर बहुतेक जण एच-१बीच्या, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाच्या, आकड्यांत शोधतात. खरी गाठ अर्जातल्या जन्मस्थळाच्या रकान्यात आहे : कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या कार्डांपैकी सात टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत. भारतात जन्मलेला, पाचव्या वर्षी आईवडिलांबरोबर कॅनडात गेलेला आणि तिथलाच नागरिक झालेला माणूसही या हिशेबात भारताच्याच रांगेत उभा राहतो. त्यातून सुटायची एक वाट म्हणजे जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झालेला असणं. मग त्या देशाच्या रांगेत जाता येतं.

जन्मावरून माणूस मोजायची ही सवय जुनी आहे. १७९० च्या कायद्यानं नागरिकत्व 'गोऱ्या मुक्त व्यक्तीं'पुरतं ठेवलं, १८८२ मध्ये चिनी मजुरांना दार बंद झालं, १९१७ मध्ये भारतासह आशियाचा मोठा पट्टाच वगळला गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या एका शीख माणसाचा नागरिकत्वाचा दावा १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तो बसत नाही, असं त्याचं कारण होतं. आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व त्यानंतर काढून घेतलं गेलं. १९२१ मध्ये आलेले देशवार कोटे १९२४ मध्ये कायम झाले. १९४६ मध्ये भारताला कोटा मिळाला तो वर्षाला १०० जणांचा.

१९६५ चा कायदा या सगळ्याला उत्तर म्हणून आला. न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही झाली. वंश आणि मूळ देश पाहून ठरवलेले कोटे गेले, आणि पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला एकच कमाल मर्यादा मिळाली : वर्षाला २०,०००. ब्रिटनला झुकतं माप नाही, भारताला उणं नाही. त्या काळात ही मोठीच समता होती, आणि नागरी हक्कांच्या चळवळीशिवाय ती आली नसती.

१९९० मध्ये कायदा पुन्हा लिहिला गेला तेव्हा या मर्यादेची टक्केवारी झाली. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. या १,४०,००० मध्ये अर्जदाराचा नवरा किंवा बायको आणि मुलंही मोजली जातात, म्हणजे नोकरदार निम्म्याहून कमीच. शिवाय सात टक्के लोकसंख्या पाहत नाहीत. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला.

नियमाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. मर्यादा काढली तर पुढची कित्येक वर्षं एकदोन देशांतले, मुख्यतः एकाच क्षेत्रातले लोक सगळी कार्डं घेतील आणि बाकीच्या देशांतल्या परिचारिका किंवा संशोधक खोळंबतील, असं ते म्हणतात. पण नोकरीच्या रांगेत माणूस आधीच निवडलेला असतो. बहुतेक अर्जांत मालकानं जाहिरात दिलेली असते आणि पात्र स्थानिक उमेदवार मिळाला नाही हे सरकारकडून मान्य करून घेतलेलं असतं. इतकं झाल्यावर जन्मस्थळ पुन्हा आडवं यावं, याचं पटेल असं कारण मला सापडलेलं नाही.

नियम १९९० चा, मग कळ २००५ च्या सुमाराला का लागली? १९९० मध्ये एच-१बीची वार्षिक मर्यादा ६५,००० होती. संगणक क्षेत्राच्या तेजीत ती आधी १,१५,००० आणि मग २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी १,९५,००० झाली. पुढचं, एच-१बीचं दार रुंदावलं, मागचं, ग्रीन कार्डाचं तेवढंच राहिलं. २००० च्या कायद्यानं दोन सवलती दिल्या : इतर देशांकडून उरलेली कार्डं मोठ्या रांगेकडे वळवायची, आणि ग्रीन कार्ड अडकलं असेल तर सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवत राहायचं. पहिलीनं काही वर्षं टंचाई झाकली. दुसरीनं रांग सोसण्याजोगी केली, आणि म्हणूनच ती लांबू शकली. २००५ मध्ये भारताच्या प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणाऱ्या तारखा, मागे सरकल्या. या मागे सरकण्यासाठीचा 'रेट्रोग्रेशन' हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला.

२००७ चा जुलै अनेकांना आठवत असेल. रांग कुठवर आली हे दर महिन्याला सांगणाऱ्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये त्या महिन्यासाठी नोकरीचे जवळपास सगळे गट अचानक 'करंट' झाले, म्हणजे रांगेत न थांबता ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज भरता येणार होता. लोकांनी प्रवास रद्द केले, डॉक्टरांकडे तपासण्यांसाठी गर्दी केली, न उघडता जोडायचे ते सीलबंद लिफाफे घेऊन वकिलांची कार्यालयं गाठली. २ जुलैला सरकारनं सांगितलं, कार्डं संपली, अर्ज घेणार नाही. अर्जदारांनी निषेध म्हणून स्थलांतर खात्याच्या प्रमुखांकडे फुलं पाठवली. १७ जुलैला निर्णय फिरला आणि अर्ज स्वीकारले गेले, पण वर्षाची कार्डं तेवढीच राहिली.

देशवार सात टक्क्यांची मर्यादा काढण्याचं विधेयक २०१९ मध्ये कनिष्ठ सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. वरिष्ठ सभागृहानं डिसेंबर २०२० मध्ये वेगळा मसुदा संमत केला. दोन्ही जुळले नाहीत आणि संसदेची मुदत संपली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरची रक्कम लादली गेली आणि सगळी चर्चा पुढच्या दारावर गेली.

मागच्या दाराशी मुलं मोठी होत आहेत. २१ वर्षं पूर्ण झाली की मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. वय मोजताना अर्ज सरकारी टेबलावर पडून राहिलेला काळ वजा करायची सोय २००२ मध्ये झाली, पण रांगेतला काळ वजा होत नाही. लहानपणी आणलेल्या मुलांना देशाबाहेर न पाठवण्याचा जो दिलासा २०१२ मध्ये आला, त्याची अट होती की त्या वर्षी १५ जूनला मूल वैध व्हिसावर नसावं. चौथ्या वर्षी रीतसर व्हिसावर आलेली मुलगी त्यात बसत नाही. एकविसाव्या वाढदिवसाआधी तिला विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो.