लहान मुलांसोबतचं एबीए संशोधन

अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, ज्याला सगळे नुसतं एबीए म्हणतात आणि मराठी पुस्तकांत कुठे कुठे उपयोजित वर्तन विश्लेषण असंही सापडतं, म्हणजे एखादं वागणं घडायच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे मोजायचं, मग त्यातलं काहीतरी ठरवून बदलायचं आणि वागणं बदलतंय का ते तपासायचं. या शास्त्राचं बरंचसं सुरुवातीचं आणि महत्त्वाचं काम 2 ते 6 वर्षांच्या मुलांबरोबर झालंय. आपल्याकडे एबीए म्हटलं की लगेच ऑटिझमची थेरपी आठवते, टेबल-खुर्ची, फ्लॅशकार्ड, बरोबर उत्तराला एक जेम्सची गोळी वगैरे. पण यातले पहिले गाजलेले अभ्यास अमेरिकेतल्या एका साध्या नर्सरीत झाले, कसलंही निदान नसलेल्या मुलांबरोबर, आणि तिथे मुद्दाम बदललं होतं ते मुलांचं नाही, बाईंचं वागणं.

ही नर्सरी सिएटलची, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधली. तिथल्या बालविकास संस्थेचे प्रमुख सिडनी बिजू हे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्याबरोबर आधी काम केलेले, त्यामुळे कबुतरं-उंदरांवर तपासलेले ऑपरंट कंडिशनिंगचे, म्हणजे वागण्यानंतर काय मिळतं त्यावर ते वागणं वाढतं किंवा कमी होतं याचे, नियम माणसाच्या पोराला लागू होतात का हा प्रश्न तिथे हवेतच होता. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रोस वुल्फ हे मानसशास्त्रज्ञ तिथे आले आणि नर्सरीच्या शिक्षिकांना, म्हणजे फ्लॉरेन्स हॅरिस, आयलीन अ‍ॅलन, बेटी हार्ट वगैरेंना सोबत घेऊन काम सुरू झालं. या बायका नुसत्या मदतनीस नव्हत्या, पेपरवर लेखक म्हणून त्यांची नावं आहेत, आणि अ‍ॅलन आणि हार्ट पुढे या क्षेत्रातली मोठी नावं झाल्या.

1964 साली छापलेला अ‍ॅनचा अभ्यास बघा. (नाव अर्थात बदललेलं.) चार वर्षांची हुशार मुलगी, बाईंशी गप्पा मारायला एक नंबर, पण इतर मुलांत मिसळायचीच नाही. आधी काही दिवस कुणीही काहीही न बदलता फक्त नोंदी केल्या, याला बेसलाइन म्हणतात. कळलं ते असं की तिचा मुलांसोबतचा वेळ जेमतेम 10 टक्के, मोठ्यांसोबतचा 40 टक्के, उरलेला वेळ एकटी. आणि ती एकटी कोपऱ्यात बसली की कुठलीतरी बाई प्रेमाने जवळ जाणार, काय गं, काय झालं, बोलणार, म्हणजे एकटं बसण्याचा मोबदला तिला रोज मिळत होता आणि देणाऱ्याला पत्ताच नाही. मग बाईंनी उलटं केलं, ती मुलांत असेल तेव्हाच लक्ष द्यायचं, एकटी असेल किंवा बाईंना चिकटली असेल तर फारसं नाही. मुलांसोबतचा वेळ 60 टक्क्यांच्या आसपास गेला.

इथपर्यंत कुठलीही अनुभवी बालवाडीची बाई म्हणेल की यात काय नवीन, हे आम्हाला माहितीच आहे. नवीन होतं ते पुढचं. त्यांनी काही दिवस मुद्दाम जुनी पद्धत परत आणली, अ‍ॅन परत एकटी पडायला लागली, मग पुन्हा नवी पद्धत, आणि ती पुन्हा मुलांत. याला रिव्हर्सल डिझाइन म्हणतात. मुलगी आपोआप मोठी झाली, रुळली, हवामान बदललं असली सगळी कारणं यामुळे एका झटक्यात बाजूला पडतात. याच नर्सरीतल्या एका साडेतीन वर्षांच्या आतल्या मुलीने उभं राहणंच सोडलं होतं, बहुतेक वेळ रांगायची, तिच्या बाबतीतही असंच झालं, उभी असताना लक्ष दिलं तर काही दिवसांत चालायला-पळायला लागली. आणि एका मुलाचं सारखं सारखं रडणं, तिथे आधी खरं लागलंय म्हणून रडणं आणि बाई बघतायत म्हणून रडणं असे दोन प्रकार वेगळे मोजले, आणि फक्त दुसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष केलं.

बाकीचं मानसशास्त्र तेव्हा मोठे गट घेऊन सरासरी काढत होतं, आणि इथे एका मुलाची तुलना त्याच मुलाशी. टीकाकार अजूनही म्हणतात की एका पोरावरून काय सिद्ध होतं, पण घरात किंवा वर्गात प्रश्न कायम एकाच पोराचा असतो आणि सरासरी पोर कुणाच्याच घरी नसतं, त्यामुळे माझ्या मते हीच या शाखेची सगळ्यात चांगली देणगी आहे. अर्थात प्रत्येक वेळी मागे जाता येत नाही, एखादं मूल वाचायला शिकलं तर ते विसरायला कसं लावणार, किंवा डोकं आपटून घेणं थांबलं असेल तर ते परत कशाला सुरू करायचं. मग मल्टिपल बेसलाइन वापरतात, म्हणजे तीन मुलांना किंवा तीन प्रसंगांना एकच उपाय वेगवेगळ्या दिवशी सुरू करायचा आणि ज्याच्या त्याच्या दिवसापासूनच फरक पडतो का बघायचं. शिवाय मोजणारी माणसं दोन हवीत, त्यांच्या नोंदी साधारण 80 टक्क्यांच्या वर जुळायला हव्यात, नाहीतर डेटा कुणी धरत नाही.

याच काळात वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस यांनी डिकी नावाने ओळखल्या जाणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाचं काम केलं. पेपरमध्ये ऑटिस्टिक म्हटलेला, मोतीबिंदू म्हणून डोळ्यांतली भिंगं काढलेली, आणि चष्मा घातला नाही तर नजर जाणार असं डॉक्टरांनी सांगितलेलं, पण पोरगा चष्म्याला हात लावू देईना. सुरुवात रिकाम्या फ्रेमपासून केली, उचलली की खाऊ, हातात धरली की खाऊ, डोळ्यांजवळ नेली की खाऊ. नुसत्या खाऊने जमेना तेव्हा सकाळचा नाश्ताच घासाघासाने या कामात वापरला गेला, जे आज कुठल्याही एथिक्स कमिटीला पटणार नाही. शेवटी डिकी दिवसाचे बाराएक तास चष्मा घालायला लागला आणि पुढे याच सिएटलच्या नर्सरीत गेला.

नंतर वुल्फ, रिस्ली आणि डोनाल्ड बेअर हे तिघेही कॅन्ससला जमले आणि 1968 मध्ये जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस सुरू झालं, पहिले संपादक वुल्फ. पहिल्याच अंकात या तिघांनी एबीए कशाला म्हणायचं याच्या सात कसोट्या लिहिल्या, ज्या आजही परीक्षेला घोकाव्या लागतात. त्यांतली शेवटची, म्हणजे शिकवलेलं दुसरीकडेही टिकतं का, ही सगळ्यात अवघड निघाली. हार्ट आणि रिस्ली यांनी कॅन्ससमधल्या गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांना रंगांची नावं गोल करून बसवून शिकवली, मुलं वर्गात धडाधड सांगायची, पण खेळायला सुटली की एकही विशेषण तोंडातून नाही, नुसतं गाडी दे. मग गाडी हवी असेल तर कुठल्या रंगाची ते सांग असं खेळातच सुरू केल्यावर शब्द आले. 1975 मध्ये त्यांनी याचीच नीट पद्धत मांडली, तिला इन्सिडेंटल टीचिंग म्हणतात, ज्यात मुलाने स्वतःहून काही मागितलं तो क्षण पकडून थोडं जास्त बोलतं करायचं. आजच्या स्पीच थेरपीत खेळता खेळता शिकवा असं जे सांगतात त्याच्या मुळांपैकी हे एक. (याच दोघांनी पुढे 42 कुटुंबांच्या घरी अडीच वर्षं दर महिन्याला जाऊन बोलणं रेकॉर्ड केलं आणि त्यातून गरीब आणि सधन घरांतल्या मुलांच्या कानावर पडणाऱ्या बोलण्यातल्या 3 कोटी शब्दांच्या दरीचा तो गाजलेला आकडा निघाला, ज्यावर 2018च्या एका अभ्यासाने बरेच प्रश्न उभे केलेत. तो विषय वेगळाच आहे.)

एबीए आणि ऑटिझम हे समीकरण पक्कं झालं ते मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांच्या 1987च्या पेपरमुळे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये 19 लहान मुलांना आठवड्याला 40 तास, दोन वर्षं किंवा जास्त, एकास एक शिकवलं, आणि त्यांतली 9 मुलं नेहमीच्या पहिलीत गेली आणि आयक्यूही इतर मुलांसारखा आला असं छापलं, म्हणजे 47 टक्के. हा आकडा जगभरच्या आईबापांनी डोक्यावर घेतला. पण तुलनेसाठीचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, थेरपिस्ट उपलब्ध आहे की नाही यावर ठरलं होतं, आणि जोरात “नाही!” असं ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही त्या उपचाराचा भाग होतं, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. लोव्हास यांनी त्याआधी 1960च्या दशकात मुलांवर विजेचे शॉकही वापरले होते. पुढे 2000 मध्ये त्रिस्ट्रम स्मिथ वगैरेंनी चिठ्ठ्या टाकून अभ्यास केला तेव्हा फायदा दिसला पण बराच मवाळ.

त्रासदायक वागण्याकडे बघायची दृष्टी बदलली ती ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांच्या 1982च्या कामाने. बाल्टिमोरमध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या 9 मुलांना त्यांनी वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून बघितलं: इजा केल्यावर कुणीतरी लक्ष देतं, काम थांबतं, मूल एकटंच आहे, किंवा नुसता खेळ चाललाय. कुणी लक्षासाठी करत होतं, कुणी काम टाळायला, कुणाला त्यातूनच काहीतरी मिळत होतं, म्हणजे वरून सारखं दिसणारं वागणं आतून वेगळं. याला फंक्शनल अ‍ॅनालिसिस म्हणतात. त्यानंतर शिक्षा शोधण्यापेक्षा, मुलाला जे सांगायचंय ते सांगायचा दुसरा मार्ग द्या, ब्रेक हवा तर कार्ड दाखव, अशी उपायांची दिशा झाली. ग्रेग हॅन्ले आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हेच आधीच करायचं ठरवलं, बालवाडीच्या अख्ख्या वर्गाला मदत मागणं, थांबणं, नम्रपणे लक्ष वेधणं अशी 13 कौशल्यं शिकवली आणि त्रासदायक वागणं 74 टक्क्यांनी कमी झालं. हॅन्लेंचंच 1997चं एक काम मला जास्त आवडतं, त्यात दोन मुलांना वेगवेगळे उपचार अनुभवायला देऊन मग बटणं दाबून कुठला हवा ते निवडायला दिलं. मुलाने मागितल्यावर लक्ष मिळणारा उपचार आणि न मागता आपोआप लक्ष मिळणारा उपचार यांत दोघांनीही पहिला निवडला.

मुलाला विचारण्याचा हा धागा बराच काळ बारीकच राहिला. वुल्फ यांनी 1978 मध्येच लिहिलं होतं की उद्दिष्ट, पद्धत आणि निकाल लोकांना पटतात का हेही मोजा, पण मोजलं गेलं ते बहुतेक आईवडील आणि शिक्षकांचं मत. ऑटिस्टिक प्रौढांची मुख्य तक्रार इथेच आहे: हात हलवणं थांबव, डोळ्यांत बघ, ही उद्दिष्टं कुणाच्या सोयीची होती? संशोधनातला दुसरा मोठा खड्डा 2020-21 च्या सुमारास मायकेल सँडबँक, क्रिस्टन बोटेमा-ब्युटेल वगैरेंनी दाखवला. लहान ऑटिस्टिक मुलांवरचे 150 अभ्यास त्यांनी तपासले, फक्त एबीएचे नाही, सगळ्या प्रकारचे, आणि उपचाराने काही अपाय झाला का याचा साधा उल्लेखही 90 टक्क्यांहून जास्त अभ्यासांत नव्हता. औषधाच्या बाबतीत कुणी हे चालवून घेतलं नसतं. आता निदान नवीन अभ्यासांत मूल तोंड फिरवतंय, उठून जातंय हे नकार म्हणून नोंदवायला सुरुवात झालीय, आणि खेळातून शिकवणाऱ्या पद्धतींकडे, उदाहरणार्थ अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल, कल वाढलाय. त्याची 2010 साली छापलेली चाचणी दीड ते अडीच वर्षांच्या 48 मुलांवर झाली.

भारतात एबीए आलं ते मुख्यतः खाजगी सेंटरमधून, संशोधन कमी आणि सेशन जास्त. अमेरिकेतल्या सर्टिफिकेशन बोर्डाने 2023 पासून भारतातून नवीन अर्ज घेणं बंद केलं, त्यामुळे बीसीबीए, म्हणजे त्या बोर्डाचं वर्तन विश्लेषकाचं सर्टिफिकेट, इथून मिळवायचा रस्ता आता बंदच आहे, दुसऱ्या संस्थांची सर्टिफिकेटं चालतात पण आईबापांना त्यांतला फरक कळणं कठीण. आपल्या जवळचा एक नीट केलेला अभ्यास काटेकोर अर्थाने एबीएचा नाहीच, तो गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून झाला आणि 2016 मध्ये छापून आला. गोव्यात संगाथ या संस्थेने केलं, दोन्हीकडे मिळून 2 ते 9 वर्षांची 65 मुलं, तज्ज्ञ नसलेले पण ट्रेनिंग दिलेले कार्यकर्ते घरी जायचे, आई मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढून तिलाच दाखवायचे आणि कुठे थांबायचं, कुठे त्याच्या मागे जायचं ते बोलायचे. आयांचा प्रतिसाद बराच सुधारला, मुलंही स्वतःहून जास्त संवाद सुरू करायला लागली, पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र कमी झाला, आणि तेही त्यांनी पेपरमध्ये तसंच छापलं.